दुभाष्याचं तोंड कुणी बांधलं?

"बाई, तुमच्या लिनक्सचं वायफाय पुन्हा गेलं."

वाचनालयाच्या दारात चप्पल काढते न काढते तोच हे वाक्य कानावर आलं. 'तुमच्या लिनक्सचं'! जणू मी ते माहेराहून रुखवतात आणलंय. बोलणारे आमचे अध्यक्ष. माणूस सज्जन, वाचनालयासाठी वेळ आणि पदरचे पैसे दोन्ही घालणारा. त्यामुळे तिथे काही बोलले नाही. पण त्या वाक्यात जो दोषारोप आहे तो चुकीच्या माणसावर आहे, आणि चुकीच्या मुलाला छडी मारलेली मला नोकरीत असतानाही सहन व्हायची नाही. म्हणून आज हे लिहायला बसले आहे.

आधी थोडं मागचं सांगते. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. त्या सुमारास आमच्या वाचनालयाला पाच जुने लॅपटॉप देणगी मिळाले. देणाऱ्यांनी नवीन घेतले होते आणि या जुन्यांवर विंडोज ११ बसत नव्हतं. समितीत एकाने सुचवलं की भंगारात देऊन टाकू, किलोवर काहीतरी येईल. मी म्हटलं, थांबा. आमच्याकडे संध्याकाळी स्पर्धा परीक्षांची मुलं बसतात, शिष्यवृत्तीचे, प्रवेशाचे अर्ज भरायला मुली येतात. त्यांना पाच चालते संगणक म्हणजे किती मोठी गोष्ट! माझा एक जुना विद्यार्थी मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. त्याला हाताशी धरलं आणि दोन रविवार बसून पाचही लॅपटॉपवर लिनक्स मिंट चढवलं.

(मी काही संगणकातली तज्ज्ञ नव्हे. मराठी माध्यमातून बी.ए. झालेली, आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवलेली बाई. निवृत्तीनंतर मराठी टंकायला म्हणून संगणक शिकले आणि त्यात रमले, इतकंच. त्यामुळे पुढे जे येईल ते माझ्यासारख्यांना समजेल अशाच भाषेत येईल, घाबरू नका.)

पाचपैकी तीन लॅपटॉपांनी वायफाय लगेच धरलं. विंडोजला पूर्वी लागायची तशी ड्रायव्हरची सीडी नाही, काही नाही. दोघांनी मात्र धरलं नाही. आणि तीन चालले हे विसरून दोन चालले नाहीत यावर निकाल लागला: "फुकटचं ते फुकटचंच."

आता हे ड्रायव्हर प्रकरण काय आहे ते बघू. लॅपटॉपच्या पोटात वायफायची एक चिप असते. तिची स्वतःची एक बोली असते. अमुक खान्यात अमुक आकडा लिहिला की ती जागी होते, तमुक लिहिला की लहरी ऐकायला लागते. संगणकाच्या मुख्य प्रणालीला ती बोली येत नाही. दोघांच्या मध्ये जो दुभाषा बसतो तो ड्रायव्हर. आजकालच्या चिपला आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे फर्मवेअर. चिपच्या आतच एक चिमुकला संगणक असतो आणि त्याला चालवणारा कार्यक्रम पुष्कळदा चिपमध्ये कायमचा साठवलेला नसतो. दर वेळी लॅपटॉप चालू झाला की प्रणालीने तो चिपच्या हातात ठेवायचा. तो मिळाला नाही तर चिप ढिम्म बसून राहते. शाळेची घंटा झाली, मुलं आली, पण फळ्यावर पाठच नाही, अशी गत.

म्हणजे वायफाय चालायला दोन गोष्टी हव्यात. दुभाषा हवा आणि पाठ हवा. दोन्हींची किल्ली एकाच माणसाच्या खिशात असते, ज्याने चिप बनवली त्याच्या. चिपची बोली कशी आहे याचा कागद त्याच्याकडे आणि फर्मवेअरची फाइल वाटायची परवानगीही त्याच्याकडेच. विंडोजसाठी तो दुभाषा स्वतः लिहून देतो. लिनक्सच्या वाट्याला पुष्कळदा त्याने दुभाषाही दिला नाही, कागदही दिला नाही आणि फाइल वाटायची परवानगीही दिली नाही. आणि दोष कुणाला? लिनक्सला!

आमच्या दोन आजाऱ्यांकडे येते. आम्ही काय केलं ते क्रमाने सांगते, कुणाच्या उपयोगी पडेल.

पहिला प्रश्न: वायफाय बंद तर केलेलं नाही ना? हसू नका. 'आरएफकिल लिस्ट' अशी आज्ञा टर्मिनलमध्ये द्यायची (टंकायची अर्थातच रोमन लिपीत, लहान अक्षरांत). तिथे 'सॉफ्ट ब्लॉक्ड' आणि 'हार्ड ब्लॉक्ड' अशा दोन ओळी दिसतात. पहिली 'येस' म्हणाली तर आज्ञेने उघडता येतं. दुसरी 'येस' म्हणाली तर बहुधा लॅपटॉपच्या कडेला एखादं बटण किंवा कीबोर्डवर विमानाचं चित्र असलेली कळ असते, ती दाबायची. आमच्याकडे दोन्ही ठिकाणी 'नो' होतं.

दुसरा प्रश्न: चिप कोणती? खोक्यावर किंवा झाकणावर लिहिलेलं नाव इथे कामाचं नाही. 'एलएसपीसीआय' या आज्ञेपुढे 'एनएनके' ही अक्षरं लावली की ओळख पटते. चार-चार आकड्या-अक्षरांच्या दोन जोड्या, मध्ये विसर्गासारखे दोन ठिपके. पहिली जोडी कंपनीची, दुसरी वस्तूची. आडनाव आणि नाव म्हणा ना. त्याखालीच कोणता ड्रायव्हर कामाला लागला आहे तेही लिहिलेलं असतं. ती ओळ नसेल तर दुभाषा आलेलाच नाही. यूएसबीला लावलेल्या वस्तूसाठी हेच काम 'एलएसयूएसबी' करते.

तिसरा प्रश्न: दुभाषा आला, पण पाठ मिळाला का? 'डीमेसेज' या आज्ञेने प्रणालीची रोजनिशी वाचता येते. त्यात 'फर्मवेअर' हा शब्द शोधायचा. आमच्या पहिल्या आजाऱ्याचं दुखणं इथेच सापडलं. चिप एका फाइलचं नाव घेऊन ती मागत होती आणि ती फाइल चकतीवर नव्हती. का नव्हती? तर लिनक्सवाल्यांना ती वाटायची परवानगी नाही म्हणून. मग ती कुठून आणायची? इंटरनेटवरून! म्हणजे इंटरनेट चालू करायला लागणारी फाइल इंटरनेटवरून उतरवायची. कपाटाची किल्ली कपाटातच ठेवून कुलूप लावावं तसं. शेवटी माझा मोबाइल केबलने जोडला, त्यात 'यूएसबी टिदरिंग' चालू केलं, लिनक्सला ते तारेचं जाळं वाटलं, फाइल उतरली आणि दहा मिनिटांत लॅपटॉप शहाण्यासारखा चालू लागला. दुखणं दहा मिनिटांचं होतं. ते शोधण्यात आमचा रविवार गेला.

दुसऱ्याची आतली चिपच मेलेली होती. म्हणून बाजारातून यूएसबीला लावायचा एक छोटा अ‍ॅडाप्टर आणला. लावल्यावर लिनक्सला वाटलं, ही सीडी आहे! कारण त्याच्या पोटात विंडोजचा ड्रायव्हर भरलेली खोटी सीडी होती आणि पहिल्यांदा तो तीच पुढे करत होता. त्याची समजूत काढून झाली तर आतल्या चिपला मिंटमधला कुठलाच दुभाषा येईना. एका परोपकारी माणसाने स्वतःच्या वेळात लिहून फुकट वाटलेला ड्रायव्हर सापडला. तोही बसेना, कारण लॅपटॉपमध्ये 'सिक्युअर बूट' चालू होतं आणि ते सहीशिवायचा ड्रायव्हर आत घेत नाही. तेही निस्तरलं. वायफाय लागलं. पेढे वाटायचे तेवढे बाकी होते.

तीन आठवड्यांनी लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नेल, नव्या आवृत्तीवर गेला. तो परोपकारी ड्रायव्हर नव्या कर्नेलशी जुळेना. वायफाय गायब. आणि नेमकी त्याच संध्याकाळी एक मुलगी नर्सिंगच्या प्रवेशाचा अर्ज भरायला त्या लॅपटॉपवर बसली होती. शेवटची तारीख. बाकीच्या चारांवर मुलं होती, एकाला उठवून तिला बसवलं आणि अर्ज रात्री साडेअकराला गेला म्हणून बरं. पण उठवलेल्या मुलाचा चेहरा आणि त्या मुलीचे थरथरणारे हात मी पाहिले आहेत. 'तुमच्या लिनक्सचं वायफाय पुन्हा गेलं' हे वाक्य त्यानंतरचं.

आता मूळ मुद्दा. त्या संध्याकाळी लिनक्स नापास झालं की ज्याने चिप विकून तिच्या बोलीचा कागद खिशात ठेवला तो नापास झाला?

आमच्या घरी व्हॉल्व्हचा रेडिओ होता. त्याच्या मागच्या पुठ्ठ्याच्या आत सर्किटच्या आकृतीचा कागद चिकटवलेला होता. तो बिघडला की गावातला दुरुस्तीवाला आधी तो कागद वाचायचा, मग सोल्डरची काडी गरम करायला ठेवायचा. वडिलांनी रेडिओ विकत घेतला तेव्हा त्याची माहितीही विकत घेतली होती. त्यामुळे तो रेडिओ खऱ्या अर्थाने आमचा होता. आज मी पैसे मोजून चिप घेते आणि तिच्याशी कसं बोलायचं हे मला सांगितलं जात नाही. मग ती माझी कशी? मी तर तिची भाडेकरू!

ही नुसती म्हातारीची कुरकुर नव्हे. १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेत एक लेसर प्रिंटर आला. त्यात कागद अडकायचा. रिचर्ड स्टॉलमन या तिथल्या प्रोग्रामरला, कागद अडकला की सगळ्यांना निरोप जाईल अशी सोय करायची होती. त्यासाठी प्रिंटरच्या ड्रायव्हरचा मूळ मजकूर हवा होता. ज्याच्याकडे तो होता त्याने द्यायला नकार दिला, कारण न देण्याचं वचन तो देऊन बसला होता. हा किस्सा स्टॉलमन स्वतः सांगत आले आहेत. १९८३ मध्ये त्यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला आणि पुढे १९९१ मध्ये आलेलं लिनक्स त्याच साधनांच्या खांद्यावर उभं राहिलं. म्हणजे या चळवळीच्या मुळाशी एक न मिळालेला ड्रायव्हरच आहे!

वायफायच्या बाबतीत हेच नाटक पुन्हा झालं. ब्रॉडकॉमच्या चिपा पुष्कळ लॅपटॉपांत होत्या आणि त्यांची माहिती बाहेर येत नव्हती. तेव्हा स्वयंसेवकांनी दोन गट केले. एका गटाने उपलब्ध बंद ड्रायव्हर उलगडून चिपची बोली कशी असावी याचं टिपण लिहिलं. दुसऱ्याने मूळ ड्रायव्हरकडे न बघता केवळ त्या टिपणावरून नवा ड्रायव्हर लिहिला, उद्या कुणी नक्कल केल्याचा आरोप करू नये म्हणून. तो २००६ मध्ये कर्नेलच्या २.६.१७ आवृत्तीत आला. तरीही फर्मवेअर वापरणाऱ्याने विंडोजच्या ड्रायव्हरमधून कातरून काढायचं, त्यासाठी वेगळी कातरी! सप्टेंबर २०१० मध्ये कंपनीने स्वतःचा खुला ड्रायव्हर दिला, पण तो नव्या चिपांसाठी. जुन्यांचे मालक होते तिथेच राहिले. एका कागदापायी हुशार माणसांची किती वर्षं गेली, याचा हिशोब कोण देणार?

यावर कंपन्यांच्या बाजूने तीन गोष्टी सांगतात. तिन्ही मी नीट ऐकून घेतल्या आहेत.

पहिली: हे आमचं व्यापारी गुपित आहे, उघड केलं तर बुडू. अथेरॉस नावाच्या कंपनीने २००८ मध्ये आपल्या नव्या चिपांसाठी 'एथ९के' हा खुला ड्रायव्हर दिला. ती बुडाली का? २०११ मध्ये क्वालकॉमने तीन अब्ज डॉलरहून अधिक मोजून तिला विकत घेतलं. शिवाय चिप कशी बनवली हे कुणी विचारतच नाही. तिच्याशी बोलायचं कसं, एवढंच विचारतो आहोत. आचाऱ्याकडे मसाल्याची कृती मागितलेली नाही, जेवणाची वेळ विचारली आहे.

दुसरी: वायफाय म्हणजे रेडिओलहरी, ड्रायव्हर उघडा केला तर लोक नको त्या लहरींवर, नको तेवढ्या जोराने प्रक्षेपण करतील आणि सरकार आम्हाला धरेल. हा मुद्दा तीनही मुद्द्यांत वजनदार आहे, कारण लहरींवर नियम हवेतच. पण ऑगस्ट २०१६ मध्ये अमेरिकेच्या एफसीसी या नियामक संस्थेने टीपी-लिंक कंपनीला राउटरच्या प्रक्षेपणाच्या नियमभंगाबद्दल दोन लाख डॉलर दंड केला, तेव्हा त्याच समझोत्यात राउटरवर बाहेरचं फर्मवेअर चालावं यासाठी खुल्या सॉफ्टवेअरवाल्यांबरोबर काम करायचंही कबूल करून घेतलं. म्हणजे नियम पाळणं आणि दार उघडं ठेवणं एकत्र जमतं असं खुद्द नियम करणारेच म्हणतात. मग फौजदाराचं नाव सांगून दार का लावता?

तिसरी: लिनक्स वापरणारे मूठभर, त्यांच्यासाठी कोण खर्च करील? अहो, अँड्रॉइड फोनचा गाभा लिनक्सच आहे. घराघरांतल्या कितीतरी राउटरमध्ये लिनक्स आहे. तिथे याच चिप कंपन्या लिनक्ससाठी ड्रायव्हर लिहितात. म्हणजे लिहिता येतं, जमतं. मोठं गिऱ्हाईक आलं की जमतं, आमच्या वाचनालयाचं नाव आलं की मूठभर!

आणि आता आपल्या बाजूच्यांचेही कान धरते, नाहीतर शिक्षक कसली! लिनक्सवाल्यांतले काही तरुण, कुणी अडचण सांगितली की "ही आज्ञा चिकटवा" म्हणून मोकळे होतात. ती काय करते, का करते, काही नाही. चालली तर चालली, नाही तर दुसरी चिकटवा. याला आम्ही शाळेत गाईड म्हणायचो. गाईड पाठ करून पस्तीस मार्क पडतात, पण पुढच्या इयत्तेत तेच पोरगं पुन्हा अडतं. आणि दुसरा वर्ग म्हणतो, "बघून हार्डवेअर घ्यायचं होतं." दान आलेल्या लॅपटॉपची चिप कुणी बघून घ्यायची? ज्याच्याकडे निवडायला पैसे आहेत त्यालाच स्वातंत्र्य असेल तर ते स्वातंत्र्य कसलं? डेबियनसारख्या तत्त्वनिष्ठ प्रकल्पानेही २०२२ मध्ये मतदान घेऊन आपल्या इन्स्टॉलरमध्ये बंद फर्मवेअर ठेवायला मान्यता दिली. ते मला पटलं. तत्त्वासाठी भांडायचं ते कंपनीशी, दारात आलेल्या माणसाशी नव्हे.

मग मागणं काय? तीनच.

एक, खोक्यावर चिपचं नाव छापा. आज एकाच नावाच्या अ‍ॅडाप्टरमध्ये पहिल्या आवृत्तीत एक चिप आणि दुसऱ्या आवृत्तीत भलतीच, असं घडतं. बिस्किटाच्या पुड्यावर मैदा किती, साखर किती हे छापता येतं, तर दोन शब्दांचं चिपचं नाव का नाही?

दोन, फर्मवेअरची फाइल उघडून दाखवू नका हवं तर, पण कुणालाही वाटू द्या. जी वस्तू विकली तिच्या प्राणाची फाइल वाटण्यात कुणाचं नुकसान आहे?

तीन, ज्या दिवशी एखाद्या चिपचा आधार बंद कराल त्या दिवशी तिचा कागद खुला करा. ऑक्टोबर २०१७ मध्ये वायफायच्या सुरक्षेतली 'क्रॅक' नावाची मोठी खोट उघडकीला आली, तेव्हा जगभरच्या उपकरणांना दुरुस्ती लागली. ज्यांच्या बनवणाऱ्यांनी हात वर केले होते त्यांचं काय? कागद असता तर दुसऱ्या कुणी तरी दुरुस्ती लिहिली असती.

आपल्या महाराष्ट्राने माहितीच्या अधिकाराचा कायदा २००२ मध्येच केला, देशाचा कायदा २००५ मध्ये आला. तो खाजगी कंपनीला लागू नाही हे मला ठाऊक आहे. पण त्याच देशात डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केलं. मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू त्यात येतात. दुरुस्तीचा हक्क म्हणजे नुसता स्क्रू कुठला हे सांगणं नव्हे, ड्रायव्हरचा कागद हाही त्यातच आला पाहिजे. आणि सरकार शाळांसाठी जेव्हा घाऊक संगणक घेतं तेव्हा ही अट निविदेतच घालता येते. केरळच्या सरकारी शाळांत कितीतरी वर्षं लिनक्सवर आधारलेली प्रणाली वापरतात. हजारांनी घेणाऱ्या गिऱ्हाइकाला मूठभर कोण म्हणेल?

आमच्या पाचव्या लॅपटॉपचं म्हणाल तर तो सध्या चालतो आहे. चालू करताना 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये जाऊन जुना कर्नेल निवडला की तो जुना ड्रायव्हर जागा होतो. पण जुन्या कर्नेलवर कायम राहणं बरं नव्हे, सुरक्षेच्या दुरुस्त्या नव्याला मिळतात. ते कर्नेल निवडायचं आता आमच्या ग्रंथपालबाईंना शिकवलं आहे आणि का निवडायचं तेही सांगितलं आहे.

परवा दुसरा अ‍ॅडाप्टर घ्यायला तालुक्याला गेले होते. दुकानदाराला विचारलं, "यात चिप कोणती आहे?" तो म्हणाला, "बाई, वीस वर्षं दुकान आहे, हे कुणी विचारलं नाही." मी म्हटलं, "मग आज मी विचारते आहे. कंपनीच्या माणसाला फोन लाव." त्याने लावला. तिकडच्यालाही सांगता आलं नाही. मी अ‍ॅडाप्टर न घेता परत आले.

तुम्हीही पुढच्या वेळी विचारा. उत्तर नाही मिळालं तर न घेता परत या. आणि अध्यक्षसाहेब, तुम्ही हे वाचत असाल तर पुढच्या वेळी वाक्य एवढंच बदला: "बाई, त्या चिपवाल्यांनी पुन्हा अडवलं."